चाळीस मीटर

टेपचं दुसरं टोक धरायला कुणीच पुढे होईना.

अनादी सरखेल रस्त्यात उकिडवे बसले होते. एका हातात टेपचा डबा, दुसऱ्या हातात खडू. शिमुलघाटच्या बाजारात सकाळी आठाला जेवढी माणसं असतात तेवढी सगळी भोवती जमली होती. मासळीवाले, मुरमुऱ्यांची पोती मांडून बसलेली म्हातारी, बॅटरीच्या टोटो रिक्षा चालवणारे. बघत सगळेच होते. पण ज्या मालकाच्या बसने चार दिवसांपूर्वी इथे एका मुलीला उडवलं, त्याच्या आणखी सहा बसेस याच रस्त्याने जात होत्या, याच बाजारात थांबत होत्या, आणि इथल्या निम्म्या लोकांचा माल त्याच बसेसच्या टपावरून येत होता. टेप धरणं म्हणजे बाजू घेणं, हे तिथल्या म्हातारीलाही कळत होतं.

"द्या इकडे," असं म्हणत एक माणूस गर्दीतून आत आला. लुंगी, खांद्यावर गमछा, चार दिवसांची दाढी. तो हाराधन बसाक होता. मेलेल्या मुलीचा बाप.

अनादीबाबूंना त्याला नको म्हणायचं होतं, पण दुसरं कोण होतं? त्यांनी पितळी टोक त्याच्या हातात दिलं. डांबरावर टायर घासल्याचा काळा पट्टा अजून स्पष्ट होता. तो जिथे सुरू होत होता तिथे त्यांनी खडूने रेघ मारली. मग हाराधनला पुढे जायला सांगितलं. पट्ट्याच्या शेजारी एका जागी पांढरा ओरखडा सुरू झाला होता. मुलीची सायकल आडवी होऊन तिचं पेडल रस्त्यावर घासत गेलं होतं, त्याचा. तिथे टोक टेकवायला सांगताना अनादीबाबूंनी मान वर केली नाही. हाराधन खाली बसला आणि त्याने ते टोक अंगठ्याने दाबून धरलं, पुष्कळ वेळ, आकडा वाचून झाल्यावरसुद्धा.

तीस मीटर. आणि पट्टा संपत होता तिथपर्यंत चाळीस.

बासष्ट वर्षांच्या अनादीबाबूंनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. शिमुलघाटच्या हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि पहिल्यापासून, निवृत्त झाल्यावरसुद्धा, घराच्या बाहेरच्या खोलीत अकरावी-बारावीच्या शिकवण्या चालवल्या. दर वर्षी आषाढात अकरावीची नवी तुकडी यायची, आणि दर वर्षी ते त्याच गणितांपासून सुरुवात करायचे: एक गाडी स्थिर त्वरणाने जात आहे. एक दगड मनोऱ्यावरून सोडला आहे. एका मोटारचालकाला समोर मूल दिसलं, त्याने ब्रेक लावला, तर गाडी किती अंतरावर थांबेल? आकडे बदलायचे, मुलं बदलायची, गणित तेच. उत्तरात मूल कधी मरायचं नाही. उत्तर मीटरमध्ये यायचं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या जायच्या.

बायको सुरमा त्यांना चिडवायची. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे वेग काढलेत आणि स्वतः पुलाच्या चढावर सायकलवरून उतरता." ते हसायचे. त्यांना या गणितांचं प्रेम होतं. बाकी जग कसं का चालेना, इथे तीन गोष्टी ठाऊक असल्या की चौथी काढता यायची.

त्यांचा एकच नियम कडक होता. सकाळची तुकडी साडेसहाला. घड्याळात साडेसहा झाले की ते दाराला आतून कडी घालत. उशिरा आलेल्याने ओट्यावर बसून खिडकीतून ऐकायचं. तनुका बसाक दोनदा ओट्यावर बसली होती. विणकरआळीतली मुलगी, सतरा वर्षांची, घरात सगळे तिला बुढी म्हणत, कारण लहानपणापासून ती मोठ्या माणसासारखी बोलायची. हुशार होती असं नाही. पण उत्तर चुकलं की पुसून टाकायची नाही. त्यावर काट मारून शेजारी पुन्हा मांडायची. विचारलं तर म्हणायची, "कुठे चुकलं ते दिसायला नको का सर?"

त्या सोमवारी सहा वाजून तीस मिनिटांनी त्यांनी कडी घातली. पाच-सात मिनिटांनी बाजाराकडून आरडाओरडा ऐकू आला. बाजारात आरडाओरडा असतोच म्हणून ते शिकवत राहिले.

पोलिसांनी लिहिलं की बस ताशी तीस किलोमीटरने येत होती, मुलगी सायकल ढकलत अचानक रस्त्यात आली. पट्टा कुणी मोजला नाही. ज्या चार माणसांनी बस सुसाट आलेली पाहिली होती, त्यांना दोन दिवसांनी काही आठवेना. तेव्हा हाराधन अनादीबाबूंच्या दारी आला होता. तो आत बसला नाही. त्याने एवढंच विचारलं, की बुढी सांगायची, मास्तरमोशाय घसरल्याच्या खुणेवरून गाडीचा वेग काढून दाखवतात, ते खरं का?

खरं होतं. पण त्यासाठी ब्रेक लावल्यावर बसचा वेग किती झपाट्याने कमी होतो, तो आकडा हवा होता. पुस्तकात तो दिलेला असतो. अनादीबाबू गावाबाहेरच्या एका गॅरेजात गेले. तिथला म्हातारा मिस्त्री मकबूल शेख कुणाच्या उपकाराखाली नव्हता. रविवारी दुपारी त्याने दुरुस्तीला आलेली तसलीच एक बस त्याच रस्त्याच्या मोकळ्या भागावर नेली, ताशी छत्तीसच्या वेगाने सोडली आणि खडूच्या रेघेवर ब्रेक मारला. तीनदा मारला. खुणा भरल्या दहा मीटर, नऊ मीटर ऐंशी, दहा मीटर तीस.

घरी येऊन त्यांनी मांडणी केली. दर सेकंदाला पाच मीटरने वेग उतरतो. चाळीस मीटरचा पट्टा. म्हणजे सुरुवातीचा वेग सेकंदाला वीस मीटर, ताशी बहात्तर किलोमीटर. उत्तर इतकं नेटकं आलं की त्यांना संशय आला आणि त्यांनी सगळं पुन्हा मांडलं. तेच आलं. जिथे तीसची पाटी आहे तिथे बहात्तर. मग त्यांनी खालच्या ओळीत तीसचा वेग घेऊन पाहिलं. तेवढ्या वेगात असती तर बस सात मीटरांत थांबली असती. मुलीच्या तेवीस मीटर अलीकडे.

तो कागद त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवला आणि विणकरआळीत नेला. हाराधन मागावर होता. बायको शेफाली सुताचा रहाट फिरवत होती. त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. सगळं कळलं नसेल, पण तेवीस मीटर कळले. शेफालीने दारातून बाहेर पाहिलं आणि विचारलं, म्हणजे त्या नळापर्यंत? अनादीबाबू म्हणाले, त्याच्याही थोडं पुढे. ती नळाकडे बघत राहिली.

हाराधनने वेगळंच विचारलं.

"ब्रेक लागल्यापासून बस तिच्यापाशी येईस्तोवर किती वेळ गेला?"

ते गणित अनादीबाबूंनी कागदावर मांडलं नव्हतं. डोक्यात मात्र केव्हाच झालं होतं.

"कशाला हवं तुला ते?"

"सांगा ना. येतं ना काढता?"

"दोन सेकंद," ते म्हणाले.

हाराधनने धोट्याची दोरी ओढली. धोटा इकडून तिकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्याने हात थांबवला.

"एवढा," तो म्हणाला.

"हो. साधारण एवढाच."

"म्हणजे तिला दिसली असेल."

अनादीबाबूंना खोटं बोलता आलं असतं. चौतीस वर्षं मुलांना उत्तरं सांगत आलेल्या माणसाला ऐन वेळी ते सुचलं नाही. ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. शेफाली उठून आत गेली.

खटला उभा राहायला सव्वादोन वर्षं लागली. तोवर तिच्या तुकडीतली मुलं बारावी होऊन पांगली. अनादीबाबू आता दाराला कडी घालत नसत. मुलं पावणेसातला येत, सातला येत, काही येईनाशी झाली. मोबाईलवर फुकट शिकवणारे तरुण मास्तर निघाले होते, ते अंगात वारं भरल्यासारखे बोलत आणि मुलांना ते आवडे. सुरमा म्हणाली, आता बंद करा हे. ते म्हणाले, खटल्यात साक्ष होईपर्यंत शिकवत राहिलं पाहिजे, नाहीतर कोण म्हणून उभा राहू?

कोर्ट बावीस किलोमीटरवर होतं. साक्षीच्या दिवशी ते आणि हाराधन सकाळच्या बसने गेले. शेफाली आली नाही. पोरीचं नाव वकिलांच्या तोंडून ऐकायचं नाही, एवढंच ती म्हणाली. कोर्टाच्या ओसरीवर काळ्या कोटातला एक तरुण वकील लगबगीने आला आणि वाकून अनादीबाबूंच्या पायाला हात लावला. दिव्येंदू तरफदार. पंधरा वर्षांपूर्वीच्या तुकडीतला. ते आनंदले, पाठीवर हात ठेवला, आईची चौकशी केली. तो म्हणाला, "सर, मी समोरच्या बाजूने आहे. मनात काही धरू नका." त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं.

सरकारी वकिलाने कागद एकदा वाचून दाखवला आणि तो घड्याळाकडे बघत खाली बसला. मग दिव्येंदू उठला. त्याचा आवाज कुठेही चढला नाही. त्याने विचारलं की पट्टा कधी मोजला? चौथ्या दिवशी. मधल्या दिवसांत त्याच जागी दुसऱ्या गाडीने ब्रेक मारला नसेल असं शपथेवर सांगता येईल? नाही. चाचणी याच बसवर घेतली? नाही, तशाच दुसऱ्या बसवर. टायर तेवढेच झिजलेले होते? माहीत नाही. ती बस रिकामी होती, ही भरलेली होती. इथे अनादीबाबूंना धीर आला. ते म्हणाले, वजनाने फरक पडत नाही, समीकरणात दोन्ही बाजूंनी वस्तुमान निघून जातं. दिव्येंदूने मान डोलावली.

"निघून जातं, सर. तुम्हीच शिकवलंत. आता एवढंच सांगा, या सगळ्या गणितात वेग एकसारखा कमी होत गेला असं धरलंय ना?"

"हो. स्थिर मंदन धरलंय."

"खऱ्या रस्त्यावर, खऱ्या बसचा वेग तसा एकसारखा कमी होतो का?"

दंडाधिकाऱ्यांचा पेन थांबला होता. अनादीबाबूंना ठाऊक होतं की 'हो' म्हटलं तर या खोलीत त्यांना अडवणारं कुणी नाही. दिव्येंदूखेरीज.

"तंतोतंत होत नाही," ते म्हणाले. "पण जवळपास होतो. साठच्या खाली तर वेग येऊच शकत नाही, कितीही..."

"म्हणजे धरून चाललो आहोत. एवढंच मला हवं होतं." पुढचा प्रश्न विचारताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "सर, तुमच्या शिकवणीचं दार साडेसहाला बंद होत असे. उशीर झाला की बाहेर बसावं लागे. मीही बसलोय. त्या दिवशी त्या मुलीला उशीर झाला होता?"

"हो."

"मग ती घाईत असणार."

अनादीबाबू हाराधनकडे न बघता म्हणाले, "हो. घाईत असणार."

ते लिहून घेतलं गेलं.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. वेगाबद्दल खात्रीलायक पुरावा नाही, साक्षीदाराचं गणित गृहीतकावर आधारलेलं आहे, मुलगी घाईत असल्याची शक्यता नाकारता येत नाही. संशयाचा फायदा देऊन चालक बलाई घरामी याला निर्दोष सोडण्यात येत आहे. सगळं वाचायला चार मिनिटंही लागली नाहीत. बलाई पिंजऱ्यात उभा होता, चाळिशीचा, काटकुळा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्याने हात जोडले, पण कुणाकडे बघून ते कळलं नाही.

बाहेर अनादीबाबू आणि हाराधन मातीच्या कुल्हडांतला चहा घेऊन उभे राहिले. हाराधनने चहा प्यायला नाही, नुसता धरून ठेवला. अनादीबाबूंनी हे पंधरा दिवस जे मनात घोळवलं होतं ते सांगायला सुरुवात केली. म्हणाले, हाराधन, त्या दाराचं तुला मी आधीच सांगायला हवं होतं. कोर्टात तुला पहिल्यांदा कळलं...

"मला माहीत होतं," हाराधन म्हणाला. "रोज सकाळी तेच म्हणत पळायची. दार लागेल, दार लागेल. त्या दिवशी मीच तिला थांबवलं होतं. सूत गुंतलं होतं, म्हटलं एवढं सोडवून जा." त्याने चहा मातीत ओतला आणि कुल्हड नीट भिंतीच्या कडेला ठेवला. "तुम्ही कागद लिहून दिलात. दुसऱ्या कुणी लिहिला असता?"

अनादीबाबूंनी आपलाही कुल्हड त्याच्या शेजारी ठेवला.

परतीला अंधाराआधी चार दहाची एकच बस होती, आणि ती त्याच मालकाची होती. पुढची साडेसातला. माघातले दिवस लहान, हाराधनला खोकला होता. ते बसले. मागच्या बाकावर जागा मिळाली. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने तिकिटं फाडली आणि नजर न भिडवता पुढे गेला. बस सुटता सुटता आणखी एक माणूस चढला, दाराजवळच्या आडव्या बाकावर बसला आणि त्याने मांडीवर कागदांची पिशवी ठेवली. बलाई घरामी. त्यालाही घरी जायला दुसरी बस नव्हती. त्याने मागे पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. हाराधनने पाहिलं, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

बस चालवणारा पोरगेलासा होता. गाणी लावून तो मोहरीच्या शेतांमधून सुसाट निघाला. बसमधल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. बायका पिशव्या सांभाळत होत्या, एक जण शेंगा सोलून खात होता. अनादीबाबूंना सवयीने वाटेतले किलोमीटरचे दगड मोजावेसे वाटले, दोन दगडांमधला वेळ धरून वेग काढावासा वाटला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शिमुलघाटचं वळण आलं हे त्यांना बस कलल्यावरून समजलं. त्यांनी डोळे उघडले. तीसची पाटी मागे गेली. समोर बाजार, कडेला भाजीच्या टोपल्या, रस्त्यात माणसं. बसचा वेग उतरला नव्हता. हाराधन खिडकीबाहेर बघत होता. त्याची मान ताठ होती आणि ती जागा मागे जाईपर्यंत तो पापणी लवू देणार नाही असं दिसत होतं.

अनादीबाबूंची नजर मात्र पुढे गेली. दाराजवळच्या बाकावर बलाईने एका हाताने वरचा दांडा पकडला होता. कागदांची पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली होती, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता आणि त्याचा उजवा पाय, ब्रेकवर असावा तसा, खालच्या पत्र्यावर पुढे सरकून पूर्ण दाबलेला होता. पोटरीची शीर उमटली होती. बस बाजार ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, माणसं उतरायला लागली, तरी तो पाय तसाच दाबलेला होता.

अनादीबाबू हाराधनच्या मागोमाग खाली उतरले. त्यांनी त्याला काही सांगितलं नाही.